दिनविशेष : १० ऑक्टोबर

पुरेसे भांडवल व उत्पन्नाची शक्यता उरली नसल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आजच्या दिवशी पिंपरीतील सेवा विकास को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला आणि अवसायक, म्हणजे बँकेची मालमत्ता वसूल करून देणी भागवणारा अधिकारी, नेमण्यास सहकार निबंधकांना सांगितले. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ चे कलम २२ परवान्याविषयीचे असून, १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकाही कलम ५६ द्वारे या कायद्याच्या कक्षेत आल्या. ठेव विम्याच्या ५ लाख रुपयांच्या मर्यादेत सुमारे ९९ टक्के ठेवीदार पूर्ण रकमेस पात्र ठरले. मात्र त्याहून मोठ्या ठेवींचे भवितव्य अवसायनातील वसुलीवर अवलंबून राहत असल्याने, कामगारांच्या घामाच्या बचतीसाठी वेळीच होणारे कायदेशीर पर्यवेक्षण अत्यावश्यक ठरते.