खोली सोडण्याआधी सेवाग्राम

आजचा एपिसोड एका पत्र्याच्या खोलीतून सुरू होतो. वर्ध्यात शिकायला आलो, तेव्हा घाईत घेतलेली. मे महिन्यात पत्रा असा तापायचा की रात्री दोनलाही झोप नाही. परीक्षा तोंडावर. सोडावी तर डिपॉझिट अडकणार, घरी काय सांगू, आणि पुढची याहून वाईट निघाली तर? या विचारानेच छातीत धडधडायचं.

एका रविवारी सायकल काढली नि सेवाग्राम आश्रमात जाऊन बसलो. तिथं लक्षात आलं, गांधीजींनीही वर्ध्यात किती घरं बदलली!

बघा, 1930 मध्ये दांडीला निघताना स्वराज्याशिवाय साबरमतीला परतायचं नाही, असं ठरवूनच ते निघाले. 1934 मध्ये जमनालाल बजाजांच्या आग्रहाने वर्ध्याला आले. पुढे मगनवाडीत राहिले. तिथं ग्रामोद्योग संघाचं काम चाले. पण खेड्यासाठी काम करायचं तर खेड्यातच राहायला हवं ना? म्हणून 1936 मध्ये ते सेगावला आले. हेच गाव 1940 पासून सेवाग्राम.

तिथं माती, बांबू, कवेलूंचं आदि निवास उभं राहिलं. स्वतः निवडलेलं गाव, तरी त्याच वर्षी मलेरियाने गाठलं. आदि निवासात गर्दीही वाढली. कस्तुरबा, प्यारेलाल, खान अब्दुल गफार खान, तुकडोजी महाराज, सगळे एका छताखाली. मग गांधीजी मीराबेनच्या झोपडीत राहायला गेले. तीच आजची बापू कुटी. 1946 मध्ये तब्येतीमुळे काही दिवस आखरी निवासात राहिले, आणि ऑगस्टमध्ये सेवाग्राम सोडलं ते कायमचं.

त्यांची कारणं मोठी, माझं साधं. पण काम, गर्दी, तब्येत, प्रत्येक वेळी कारण स्पष्ट होतं. मीही वहीत लिहिलं : झोप, हवा, भाडं. भीती 'काय होईल' याची होती, कागदावर ती तीन शब्दांत मावली. मालकांना महिनाभर आधी सांगितलं. डिपॉझिट अर्धंच मिळालं. वाईट वाटलं, पण झोप परत आली.

नवी खोली लहान आहे, पण कवेलूची. आणि हीही नाही जमली तर? बदलू की! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.