एका आट्याचा इतिहास : बर्मिंगहॅम ते बदलापूर

🧵 धागा

सायकल घरच्या घरी उघडता येते, झिजलेला भाग काढून त्या जागी दुसऱ्याच कंपनीचा भाग बसवता येतो, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यामागे काही इतिहास असेल, अशी शंकाही येत नाही. हा इतिहास बंदुकांच्या कारखान्यातून निघतो आणि बेळगाव, वरळी, उल्हासनगर, अंबरनाथ असा प्रवास करत आजच्या हौशी सायकलपटूच्या अवजारपेटीपर्यंत येतो.

१/
दोन्ही पेडलांना जोडणारा दांडा सायकलच्या फ्रेममधील एका आडव्या नळीतून आरपार जातो. या भागाला बॉटम ब्रॅकेट किंवा नुसते ‘बीबी’ म्हणतात. उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यातील कोणा हौशी सायकलपटूने पावसाळा संपल्यावर तो उघडला, तर कपाच्या कडेवर बहुधा एक आकडा कोरलेला दिसतो : १.३७ × २४.

२/
अर्थ सोपा आहे. आट्यांचा व्यास १.३७ इंच आणि दर इंचाला २४ आटे. सायकल तैवानची असो वा लुधियानाची, मोजमाप मिलिमीटरच्या जगातही इंचातच राहिले आहे. कारण ते ठरले तेव्हा सायकलीच्या धंद्यावर इंग्लंडचे राज्य होते. या आट्याला आजही ‘बीएसए आटा’ म्हणतात.

३/
बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. बर्मिंगहॅमच्या बंदूककारागिरांनी १८६१ मध्ये ही कंपनी स्थापन केली. तिच्या बोधचिन्हावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या असत. तोवर बंदूक हाताने घडवली जाई; एकीचा खटका दुसरीला बसत नसे. अमेरिकी शस्त्रागारांनी यंत्रांच्या साहाय्याने अदलाबदल करता येणारे सुटे भाग तयार करण्याची पद्धत रुळवली होती. बीएसएने तीच पद्धत स्वीकारली.

४/
१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ सायकल आली : दोन्ही चाके जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी. आजच्या सायकलीचा साचा तोच. पुढच्या दशकात बीएसएने सायकलीचे सुटे भाग बनवण्यास आरंभ केला आणि हे भाग ती इतरांनाही विकू लागली. गावोगावचे छोटे कारागीर ‘बीएसए फिटिंग्ज’ आणून स्वतःच्या नावाने सायकली जोडू लागले. सुटा भाग ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू झाली आणि तिच्याबरोबर तिचे मापही पसरले.

५/
शस्त्रे आणि सायकली यांचे हे नाते केवळ बर्मिंगहॅमपुरते नाही. फ्रान्समधील सेंट एतिएन हे बंदुकांचे शहर पुढे सायकलींचे शहर झाले. जपानमधील साकाई तलवारी, सुऱ्या आणि तोड्याच्या बंदुकांसाठी प्रसिद्ध होते. तेथेच १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानो याने आपला कारखाना काढला. त्याचे पहिले उत्पादन होते फ्रीव्हील. नळी अचूक भोकणे, पोलाद कडक करणे, आटे नेमके पाडणे ही कौशल्ये दोन्ही धंद्यांना सारखीच लागत.

६/
महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील बेळगावात या यंत्राने एक निराळेच बीज पेरले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी मुंबईत सायकल पाहिली आणि बेळगावी भावाच्या साथीने सायकलींचा व्यवसाय सुरू केला. किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ च्या या दुकानापासून मोजतो. बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

७/
त्या दुकानात सायकली विकल्या जात, दुरुस्त होत आणि चालवायलाही शिकवल्या जात. पुढे याच व्यवसायातून कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. परदेशी यंत्र उघडून त्याचा प्रत्येक भाग समजून घेण्याची सोय हिंदुस्थानातील कारागिराला फार थोड्या ठिकाणी होती. आगगाडीचे इंजिन त्याच्या हाती येत नव्हते. सायकल येत होती.

८/
घरच्या दुरुस्तीची दुसरी वाट टायरने मोकळी केली. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये हवेचा टायर आणला, पण तो चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे तर टायर सोलून काढावा लागे आणि पुन्हा चिकटवून तो वाळेपर्यंत थांबावे लागे. मिशलॅन बंधूंनी सुटा होणारा टायर तयार केला. १८९१ च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सुमारे १२०० किलोमीटरच्या शर्यतीत शार्ल तेराँ हा तोच टायर लावून जिंकला. पंक्चर हे आता कारखान्याचे काम उरले नाही. ते रस्त्याच्या कडेला बसून होऊ लागले.

९/
याचा खरा कस मुंबईच्या तरुणांनी लावला. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापून मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. इराण-सीरियाची वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा तो मार्ग होता. अशा प्रवासात सायकल टिकते ती दोनच आधारांवर : दुरुस्ती जाणणारे हात आणि कोठेही मिळू शकेल असा सुटा भाग.

१०/
दरम्यान मराठीत या विद्येची स्वतंत्र परिभाषा तयार झाली. चाक डुगडुगू लागले की तारा कमी-अधिक आवळून त्याचा ‘आउट’ काढायचा. सर्व भाग सोडवून, रॉकेलमध्ये धुऊन, नवे छर्रे आणि ग्रीस भरणे म्हणजे ‘ओव्हरऑइलिंग’; मूळ इंग्रजी ‘ओव्हरहॉलिंग’मध्ये तेलाचा काहीच संबंध नव्हता, मराठी कारागिराने तो जोडला. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणे, कानशीने रबर खरवडणे, सोल्यूशन लावून ठिगळ चिकटवणे, हे सारे तासाच्या भाड्याने सायकली देणाऱ्या दुकानांत पोरे नुसती पाहून शिकत.

११/
सायकली मात्र बव्हंशी विलायती होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर देशी उद्योगाला संरक्षण मिळाले, आयातीवर निर्बंध आले आणि सायकलीचे अनेक सुटे भाग लघुउद्योगांसाठी राखीव झाले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने फ्रेम, रिम अशा भागांची मानके ठरवून दिली. इंग्रज गेला, त्याचे माप आता भारतीय मानकांत नांदू लागले.

१२/
फाळणीने या कथेला वळण दिले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे ‘उल्हासनगर’ झाले. बराकींत राहणाऱ्या लोकांनी फर्निचरपासून विद्युत उपकरणांपर्यंतचा माल बनवणारी छोटी छोटी दुकाने व कारखाने उभारले.

१३/
तिकडे पंजाबात असेच घडत होते. आता पाकिस्तानात असलेल्या कमालिया येथील मुंजाल बंधू सायकलीच्या सुट्या भागांचा व्यापार करत लुधियानात स्थिरावले आणि १९५६ मध्ये त्यांनी पूर्ण सायकल बनवण्यास सुरुवात केली. हीच ‘हीरो’. भांडवल तुटपुंजे असलेल्या निर्वासिताला या धंद्यात शिरता आले, कारण सायकलीचे माप कोणाच्या मालकीचे नव्हते. एकाने फक्त कप बनवावेत, दुसऱ्याने फक्त पेडल. दोन्ही एकत्र बसतील, याची हमी मापाने घेतलेली होती.

१४/
अंबरनाथ तर यंत्रांचेच गाव. विम्कोचा आगपेटी कारखाना, आयुध निर्माणी आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकात आलेली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. अंबरनाथ हे बर्मिंगहॅमप्रमाणे शस्त्रांचे गाव असूनही सायकलींचे गाव झाले नाही. परंतु लेथवर आटे पाडणारे आणि सूक्ष्ममापीने माप घेणारे हात येथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. अशा गावात सायकल हे कारखान्यात जाण्याचे वाहन असते, तसेच सुटीच्या दिवशी अंगणात उलटी ठेवून उघडण्याचे यंत्रही असते.

१५/
त्या काळ्या, जड, सळ्यांच्या ब्रेकच्या सायकलीला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. तिचा गुण मात्र मोठा होता. ॲटलासच्या सायकलीला हीरोचे फ्रीव्हील बसे, कारण फ्रीव्हीलचा आटाही १.३७ × २४ हाच होता. याउलट नॉटिंगहॅमच्या रॅली कंपनीने आपल्या अनेक सायकलींना दर इंचास २६ आट्यांचे स्वतःचे खास माप ठेवले होते. जुनी रॅली उजळवणारे संग्राहक आज जगभर त्या एका कपासाठी अडून बसतात.

१६/
१९८० मध्ये संसदेने कायदा करून हिंद सायकल्स आणि सेन-रॅली या दोन आजारी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. दरम्यान लुना, स्कूटर, मोटारसायकल आल्या होत्या. तासाच्या भाड्याची दुकाने हळूहळू बंद झाली. त्यांच्याबरोबर पोरांना फुकट शिकवणारी ती शाळाही संपली.

१७/
गेल्या दीड-दोन दशकांत सायकल परतली ती छंद म्हणून. गिअरच्या सायकली आल्या, बदलापूरहून बारवी धरणाकडे किंवा वांगणी–कर्जतकडे पहाटे निघणारे सायकलस्वार दिसू लागले. ‘ब्रेव्हे’ या लांब पल्ल्याच्या स्वारीत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात आणि रस्त्यात सायकलस्वाराने स्वतःवर विसंबायचे असते. मागून मदतीची गाडी ठेवता येत नाही. या परंपरेचे मूळ १८९१ च्या त्याच पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसकडे जाते. दुरुस्ती येणे ही पुन्हा एकदा गरज झाली.

१८/
या नव्या पिढीचे पहिले अडखळणे बहुधा आट्याच्याच दिशेपाशी होते. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, तसेच उजव्या बाजूच्या बीबी कपाचेही. पेडल मारताना भार छर्र्यांवरून फिरत राहतो आणि कप फिरण्याच्या विरुद्ध दिशेने कणाकणाने सरकू पाहतो. उलट्या आट्यामुळे ही सरक कप सैल करण्याऐवजी घट्ट करते. इटालियन व फ्रेंच मापांत दोन्ही कपांचे आटे सुलटे होते. त्यांचे उजवे कप सैल होत. फ्रेंच माप आज बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले आहे.

१९/
दुसरे अडखळणे अधिक गंभीर आहे. जुन्या फ्रेममध्ये अकरा गिअरचा रस्ता-सायकलीचा कॅसेट बसवायचा, तर मागच्या हबचा गाभाच १.८५ मिलिमीटर अधिक लांब लागतो. २००० नंतरच्या काळात तर बीबीला आटेच नसलेल्या फ्रेम आल्या : कप नुसता दाबून बसवायचा. कंपनीगणिक माप वेगळे, काढायचे अवजार वेगळे. नळी किंचित जरी कमी-अधिक झाली, तरी पेडल मारताना करकर सुरू होते. कोकणच्या पावसात चिखलपाणी आत शिरले की दुरुस्ती वारंवार करावी लागते आणि ती घरी होत नाही.

२०/
तक्रारी इतक्या वाढल्या की अनेक उत्पादक पुन्हा आट्यांकडे वळले. काहींनी टी-४७ हे मोठ्या व्यासाचे नवे माप स्वीकारले. काहींनी आपल्या महागड्या कार्बन फ्रेमलाही जुना बीएसए आटाच दिला. नावीन्यासाठी टाकून दिलेली गोष्ट दुरुस्तीच्या सोयीसाठी परत आणावी लागली.

२१/
म्हणून नवी सायकल घेताना वा जुनीला नवे भाग लावताना वजन आणि गिअर यांच्याआधी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे : याचे माप खुले आहे की एकाच कंपनीचे? खुले असेल तर वीस वर्षांनीही कोणीतरी, कोठेतरी तो भाग बनवत असेल आणि पाना मालकाच्याच हाती राहील. नसेल तर कंपनीने उत्पादन थांबवले त्या दिवशी उत्तम सायकलही अडगळ होते.

२२/
बेळगावच्या दुकानात लक्ष्मणरावांना यंत्रविद्येची वाट सापडली, निर्वासितांना लुधियानात उभे राहता आले आणि अंबरनाथच्या कामगाराला आपले वाहन स्वतः चालते ठेवता आले. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी, ज्याला हवे त्याने बनवावे असे एक साधे माप होते. ‘१.३७ × २४’ हा आकडा कपावर दिसला, तर ग्रीस लावण्यापूर्वी तो एकदा नीट वाचून घ्यावा.

(धागा समाप्त)