पुरावा, प्रमाण आणि परिणाम : ‘डोंबिवली फास्ट’ आणि त्याचे भाऊबंद

एखादी कथा पुन्हा सांगितली जाते तेव्हा तिच्यात नवे काय आले याची चर्चा होते. जुने काय गळून पडले, याकडे सहसा लक्ष जात नाही. कायदा हातात घेणाऱ्या माणसाच्या चित्रपटांबाबत तर हा दुसरा प्रश्नच महत्त्वाचा ठरतो. या कथांच्या आवृत्त्या निघत जातात, नायकाच्या हातातले हत्यार बदलते, शहर बदलते, आणि प्रत्येक आवृत्तीत मूळ कथेतली एखादी अडचण नाहीशी होते. न्यायाला तीन गोष्टी लागतात : गुन्हा याच माणसाने केला याचा पुरावा, गुन्हा आणि शिक्षा यांतले प्रमाण, आणि शिक्षा देणाऱ्याने स्वतःच्या कृतीचा भोगायचा परिणाम. या तिन्हींचे काय होते ते पाहिले, की मूळ कृती आणि तिची नवी आवृत्ती यांतला फरक नेमका हाती लागतो.

या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन आहे. ब्रायन गारफील्ड यांची ‘डेथ विश’ ही कादंबरी १९७२ साली आली आणि १९७४ मध्ये मायकेल विनर यांनी चार्ल्स ब्रॉन्सनला घेऊन तिच्यावर चित्रपट केला. न्यूयॉर्कमधला वास्तुविशारद पॉल कर्सी याच्या घरात गुंड घुसतात. पत्नी मरते, मुलीवर अत्याचार होतो. कर्सी रात्री बंदूक घेऊन हिंडू लागतो आणि अंगावर येणाऱ्या लुटारूंना मारतो. पहिल्या खुनानंतर तो घरी येऊन ओकतो. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की ज्यांनी त्याचे घर उद्ध्वस्त केले ते त्याला कधीच सापडत नाहीत. तो मारतो ती भलतीच माणसे. पोलीस त्याला ओळखतात, पण त्याच्यावर खटला भरण्यापेक्षा त्याला गुपचूप शहराबाहेर घालवणे त्यांना सोयीचे वाटते. चित्रपट प्रचंड चालला. गारफील्ड यांना मात्र तो रुचला नाही. कादंबरीने ज्या वृत्तीविषयी सावध केले होते तिचेच पडद्यावर कौतुक झाले, असा त्यांचा आक्षेप होता. १९७५ साली त्यांनी ‘डेथ सेंटेन्स’ ही पुढली कादंबरी लिहिली.

पुढे १९८२, १९८५, १९८७ आणि १९९४ असे आणखी चार भाग आले. दुसऱ्या भागात कर्सी नेमक्या गुन्हेगारांच्या मागावर निघतो, म्हणजे पुराव्याची अडचण मिटते. तिसऱ्यात मशीनगन आणि रॉकेट येते, म्हणजे प्रमाणाची मिटते. ओकारी तर कधीच थांबलेली असते. २०१८ मध्ये एलाय रॉथ यांनी ब्रूस विलिसला घेऊन याची नवी आवृत्ती काढली, तेव्हा कर्सी शिकागोतला शल्यविशारद झाला होता. तोही वाटेत इतर गुन्हेगारांना मारतो. पण त्याला त्याचे खरे गुन्हेगार सापडतात, आणि शेवटची चकमक त्याच्याच घरात, परवान्याने घेतलेल्या बंदुकीने होते. तिथे कायदाच त्याच्या बाजूने उभा राहतो. नव्या आवृत्तीने मूळ कथेला जणू वकील मिळवून दिला. फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत झालेल्या गोळीबारानंतर तीन आठवड्यांच्या आत तो प्रदर्शित झाला, तेव्हा अनेक समीक्षकांना ही सोय बोचली ती उगाच नव्हे.

आता आपल्याकडे वळू. मराठी लेखणीतून या विषयाला मिळालेले सर्वांत कसदार रूप मराठी भाषेत नव्हे, हिंदीत आहे. गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (१९८३) श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवर आधारलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि शीर्षक ज्या कवितेवरून आले ती दिलीप चित्रे यांची. सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर हा काही बाहेरचा सूडकरी नाही. कायदा ज्याच्या हाती अधिकृतपणे दिला आहे असा तो माणूस. त्याचा राग आधी चुकीच्या माणसावर निघतो : कोठडीतला एक क्षुल्लक चोर त्याच्या मारहाणीत मरतो. मग त्यातून सुटण्यासाठी ज्या रामा शेट्टीला तो तोडू पाहत होता, त्याच्याच दारात त्याला जावे लागते. शेवटी तो शेट्टीचा गळा आवळतो आणि सरळ चौकीत जाऊन हजर होतो. ज्या तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये मध्यमवर्गाची न्यायाधीश होण्याची हौस उघडी पाडली होती, त्यांनी वेलणकरला विजयी ठरवले नाही यात नवल नाही. तीन वर्षांनी एन. चंद्रा यांचा ‘अंकुश’ (१९८६) आला. नाना पाटेकर आणि त्याचे मित्र ही गिरणी संपानंतरच्या मुंबईतली बेकार मुले. चित्रपटाची सहानुभूती उघडपणे त्यांच्याकडे आहे. तरीही ती कायद्याच्या स्वाधीन होतात आणि फाशी जातात. १९८०च्या दशकातल्या या दोन्ही कथांत परिणाम शाबूत आहे. खून करणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि प्रेक्षकाला ती पाहावी लागते.

निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५चा. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच चित्रपट. त्या वर्षीचा मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. माधव आपटे (संदीप कुलकर्णी) हा बँकेतला नोकरदार. रोज तीच लोकल, तोच डबा, तेच टेबल. मुलाबाळांच्या शाळेसाठी देणगी द्यायची नाही यावर अडून बसणारा, म्हणून घरातही नकोसा झालेला. एके दिवशी दुकानदार शीतपेयाच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागतो. आपटे बॅट उचलतो आणि दुकान फोडतो. मग शहरभर, जिथे चुकीचे दिसेल तिथे, ती बॅट चालते. इन्स्पेक्टर अनासपुरे (संदेश जाधव) त्याच्या मागावर निघतो आणि माग काढता काढता त्याला समजू लागतो. शेवट लोकलच्याच डब्यात, पोलिसांच्या गोळीने होतो.

जोएल शूमाकर यांच्या ‘फॉलिंग डाउन’ची (१९९३) छाया या चित्रपटावर आहे हे त्याच वेळी बोलले गेले, आणि ते खरेच आहे, शीतपेयाची किंमत, दुकान आणि बॅट तिथेही आहे. पण साम्याची यादी करून समीक्षा संपत नाही. मायकेल डग्लसचा नायक नोकरी गेलेला, संसार मोडलेला, पत्नीला ज्याची भीती वाटते असा माणूस. त्याच्या रागाला आजाराचे नाव देता येते. आपट्यांची नोकरी आहे, घर आहे. त्यांच्यावर कोणी हल्ला केलेला नाही, त्यांचे कोणी मेलेले नाही. कर्सीजवळ जो ‘मोठा’ अन्याय आहे तो इथे नाही. आहेत ते वरचे दोन-चार रुपये. सूडकथेच्या इतिहासात हा बदल मोलाचा आहे. पुरावा प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर आहे, कारण चूक आपट्यांच्या आणि आपल्या देखतच घडते. म्हणून सारा भार प्रमाणावर येतो. वरच्या दोन रुपयांना फोडलेले दुकान हे उत्तर आहे का? प्रेक्षागृहात टाळ्या पडतात त्या क्षणी प्रेक्षक ‘हो’ म्हणालेला असतो, आणि उरलेला चित्रपट त्याला त्या ‘हो’चा हिशेब मागतो. आपटे हे आडनावही सहज आलेले नाही. नियमांवर श्रद्धा ठेवून जगण्याची ज्या पांढरपेशा वर्गाला सवय होती, नियम मोडलेले पाहून सर्वांत आधी तोच पिसाळतो. ज्यांना नियमांनी कधी आसरा दिलाच नाही, त्यांना छापील किंमत आणि घेतलेली किंमत यांतली तफावत रोजचीच असते.

दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, कामत यांनी हीच कथा तमिळमध्ये केली : ‘एवनो ओरुवन’. आपट्यांच्या जागी श्रीधर वासुदेवन, मुंबईच्या जागी चेन्नई, संदीप कुलकर्णींच्या जागी आर. माधवन. एकाच दिग्दर्शकाने आपलीच कथा दुसऱ्या भाषेत सांगितल्यामुळे तुलनेला इथे स्वच्छ जमीन मिळते. कथानक जवळपास तेच आहे, तरी दोन गोष्टी बदलतात. पहिली शीर्षकात. मराठी नाव म्हणजे एका गाडीचे नाव. त्यात एक उपनगर आहे, एक वेळापत्रक आहे. तमिळ नावाचा अर्थ ‘कुणी एक’. जागा गेली आणि माणूस सर्वसाधारण झाला. दुसरी गोष्ट चेहऱ्यात. संदीप कुलकर्णी ‘श्वास’मधले डॉक्टर म्हणून ठाऊक असले, तरी डब्यातल्या गर्दीत हरवू शकणारा तो चेहरा होता. माधवन तोवर ‘अलैपायुदे’चा लाडका नायक होता. नट म्हणून तो कमी पडत नाही, पण ताऱ्याने बॅट उचलली की प्रेक्षक त्याच्या बाजूने आधीच उभा असतो. ‘हा माणूस बरोबर आहे का’ हा प्रश्न विचारायला उसंत मिळत नाही. शिवाय चेन्नईतल्या प्रेक्षकाच्या मनात शंकर यांचा ‘अन्नियन’ ताजा होता. तोही २००५चाच, त्यातला नायक नागरी बेफिकिरीला थेट मृत्युदंड देतो आणि या अतिरेकाची जबाबदारी दुभंगलेल्या मनावर टाकली जाते. त्या झगमगाटाशेजारी कामतांचा बँक कर्मचारी फारच साधा वाटला असणार. इन्स्पेक्टरची भूमिका सीमान यांनी केली, हा तपशीलही नोंदण्यासारखा. त्यांनी २०१० मध्ये स्वतःचा राजकीय पक्ष काढला.

यानंतर कामत बहुतेक दुसऱ्यांच्या कथांच्या नव्या आवृत्त्या करत राहिले : ‘फोर्स’ (२०११), ‘दृश्यम’ (२०१५), ‘रॉकी हँडसम’ (२०१६). पण २०१६च्याच ‘मदारी’त ते जुन्या प्रश्नाकडे परतले. पूल कोसळून मुलगा गेलेला बाप गृहमंत्र्यांच्या मुलाला पळवतो. इथे मोठा अन्याय परत आला, आणि त्याबरोबर प्रेक्षकाची सुटकाही झाली. मेलेल्या मुलाच्या बापाशी वाद कोण घालणार? २०२० मध्ये कामत गेले. त्यांच्या कामाकडे पाहताना वाटते, की पहिल्याच चित्रपटात त्यांनी जी जोखीम पत्करली ती त्यांनाही पुन्हा पत्करता आली नाही.

दरम्यान मराठी वेशातला दुसरा नायक सगळीकडे पोहोचला होता. ‘सिंघम’ (२०११) ही तमिळ ‘सिंगम’ची (२०१०) हिंदी आवृत्ती, बाजीराव सिंघमला मराठी नाव आणि मराठी संवाद देऊन ती इथली करण्यात आली. तिच्या शेवटी पोलीस खलनायकाला मारतात आणि तो आत्महत्येचा देखावा ठरवतात. ‘अर्धसत्य’शेजारी हा शेवट ठेवून पाहावा. वेलणकर एकटा मारतो आणि हजर होतो. इथे सारे खाते मिळून मारते आणि कोणीच हजर होत नाही. अठ्ठावीस वर्षांत परिणाम पूर्णपणे पुसला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये पोलिसांशी संबंधित एका कार्यक्रमात याच चित्रपटाचे नाव घेऊन, कायद्याची प्रक्रिया डावलणाऱ्या नायकांमुळे जाणारा संदेश घातक असल्याचे म्हटले, ते याच संदर्भात.

हे सारे पडद्यापुरते राहते तर बिघडले नसते. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपुरातल्या कस्तुरबानगरच्या स्त्रियांनी न्यायालयाच्या आवारात अक्कू यादवला ठार केले. वर्षानुवर्षे त्याने वस्तीवर केलेले अत्याचार आणि पोलिसांनी फिरवलेली पाठ लक्षात घेता त्या स्त्रियांना कोणी सहज दोषी म्हणणार नाही. २०१४ मध्ये खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. सूडकथेचा सर्वांत बळकट युक्तिवाद हाच : दाद मागायला जागाच उरली नव्हती. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारले, तेव्हा मारणाऱ्यांनाही आपण न्याय करत आहोत असेच वाटत होते. ते पाचही निर्दोष होते. नागपूर आणि राईनपाडा यांत फरक आहे तो शहानिशेचा, आणि शहानिशा ही जमावाला नेमकी न जमणारी गोष्ट.

आमच्या बजाजनगरातून हा विषय परका वाटत नाही. इथे लोकल नाही. शिफ्ट आहे, कंपनीची बस आहे, गावाकडून येऊन पगारावर संसार मांडलेला माणूस आहे. आपट्यांची घुसमट त्याला समजावून सांगावी लागत नाही. आणि ९ ऑगस्ट २०१८ रोजी, आरक्षणासाठी पुकारलेल्या बंदच्या दिवशी, शेजारच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत कारखान्यांची जी मोडतोड झाली तीही इथल्या लोकांनी जवळून पाहिली. मागणी एक होती, फुटल्या त्या भलत्याच काचा. आणि तोडफोड करणारे आपले नव्हेत असे आंदोलकांच्या बाजूने सांगण्यात आले. पडद्यावरच्या बॅटला चेहरा असतो, म्हणून तिला जाब विचारता येतो. जमावाच्या हातातल्या दगडाला तो नसतो.

कॅमेरा सूडकथेवर एक मोठा उपकार करतो : गुन्हा तो आपल्याला आधीच दाखवून ठेवतो. जगात ती सोय नाही. म्हणून न्यायालय, साक्ष, उलटतपासणी आणि त्यांचा तो कंटाळवाणा उशीर. चित्रपट आणि साहित्य शिकवणाऱ्यांनी ‘डोंबिवली फास्ट’ वर्गात दाखवलाच, तर दुकान फुटण्याच्या प्रसंगाशी तो थांबवावा आणि मुलांना विचारावे : शिक्षा काय असायला हवी होती, ती कोणी द्यायला हवी होती, आणि देणाऱ्याने त्याचे काय भोगावे? उत्तरे एकसारखी येणार नाहीत. ‘सिंघम’च्या शेवटी हाच प्रश्न विचारून पाहावा, तिथे चित्रपटाने उत्तर आधीच देऊन ठेवलेले असते. मूळ कृती आणि तिची सोयीस्कर आवृत्ती ओळखण्याची याहून सोपी कसोटी आम्हांला सापडलेली नाही.