बुरुडाचं सूप आणि दीड रुपयाचा बांबू

कानात हेडफोन असतील तर आवाज जरा वाढवा आणि डोळ्यांसमोर चैत्रातला जोतिबाचा डोंगर आणा. गुलालानं माखलेली माणसं, 'चांगभलं'चा गजर आणि त्या गर्दीच्या डोक्यावर डुलणाऱ्या सासनकाठ्या. सासनकाठी म्हणजे मुळात काय? एक उंच, सरळ बांबू. त्याला रंगीत कापड गुंडाळायचं, फुलांनी सजवायचं आणि दोऱ्यांनी तोल सांभाळत नाचवायचं. त्या दिवशी अख्खं कोल्हापूर बांबूपुढं हात जोडतं. आणि आठवड्यानं सूप घ्यायला गेलं की तेच कोल्हापूर म्हणतं, 'दहा रुपये कमी करा की!' आजचा भाग या दोन दिवसांच्या मधल्या इतिहासाचा आहे.

कोल्हापुरात बुरूड गल्ली आहे, तुमच्यापैकी बरेच जण तिच्यावरून गाडी मारत गेलेही असाल. बुरूड म्हणजे बांबू चिरून, त्याच्या पातळ कामट्या काढून त्या विणणारी माणसं. कर्नाटकात त्यांनाच मेदार म्हणतात. बाराव्या शतकात बसवण्णांच्या भोवती जे शरण जमले, त्यात मेदार केतय्या होते. बांबूच्या वस्तू विणून जगणारे. हाताचं काम हीच पूजा, म्हणजे 'कायक', हा तिथला विचार. सीमेच्या दोन्ही बाजूंचा बुरूड समाज आजही केतय्यांना मानतो. म्हणजे हा धंदा काल-परवाचा नाही.

आता मला सांगा, आठशे वर्षं या लोकांनी मार्केटिंग कसं केलं? केलंच नाही. गरजच नव्हती. त्यांच्यासाठी जाहिरातीचं काम पंचांग करत होतं. सुगी आली की धान्य पाखडायला सूप. ते साठवायला कणगी. भाजीला दुरडी, तांदूळ धुवायला रोवळी, कोंबड्यांना डालगं. देवीची परडी. गौरीच्या ओवशाला नवी सुपं. लग्नात सूप, आणि शेवटी तिरडीलाही बांबूच. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या पावसात भात लावायला वाकायचं तर पाठीवर इरलं पाहिजे. दोन्ही हात मोकळे राहतात, छत्रीत ते जमत नाही. तुमच्या आजीला इरलं विचारा, ती दहा मिनिटं बोलेल.

मग बिघडलं कुठं? 'प्लास्टिक आलं', हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. खरंही आहे. इरल्याच्या जागी प्लास्टिकचा कागद आला आणि कणगीच्या जागी पत्र्याचं पिंप. पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कमी सांगितला जातो. गिऱ्हाईक कमी होत होतं, तेव्हाच बुरुडाच्या हातातला बांबूही महाग होत होता.

१९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणती झाडात केली होती. वनस्पतिशास्त्र सांगतं की बांबू हे गवत आहे, पण कायद्याच्या कागदावर तो सागवानाच्या रांगेत बसला. तोडायचा तर परवानगी, न्यायचा तर वाहतूक पास. हे सामान्य माणसासाठी. मोठ्या गिऱ्हाईकासाठी? बेळगावच्या पलीकडं, उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेली आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कागद कारखान्याला सरकारनं जंगलातला बांबू दिला. दर टनाला दीड रुपया! एक किलोचा नाही हो, एक टनाचा. आणि टोपल्या विणणारे मेदार तोच बांबू बाजारभावानं, शेकडो पट जास्त पैसे मोजून घेत होते.

१९७० च्या दशकात मेदारांनी ओरड केली की बांबू संपत चाललाय. कर्नाटक सरकारनं अभ्यासाला पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांना बोलावलं. जंगलखातं आणि कारखाना बोट दाखवत होते गावकऱ्यांकडं आणि त्यांच्या गुरांकडं. गाडगीळांनी जंगलात जाऊन पाहिलं. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं, त्यामुळं गुरांना आतले कोवळे कोंब खाता येत नाहीत. तोड सोपी व्हावी म्हणून ते काटे साफ केले जात होते. गावचे लोक मात्र काटे तसेच ठेवून वरून तोडत. मला या सगळ्या इतिहासात हा तपशील सगळ्यात आवडतो.

चित्र पालटलं ते सावकाश. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं. एप्रिल २०११ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मग ते गाव स्वतःचा बांबू स्वतः विकायला लागलं. आणि २०१७ च्या नोव्हेंबरात वटहुकूम निघून जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' राहिला नाही. आजऱ्या-चंदगडकडच्या शेतकऱ्याला बांधावरचा बांबू तोडून विकणं त्यामुळं सोपं झालं. नव्वद वर्षं लागली!

आता विक्रीकडं येऊ. कोल्हापुरात मार्केटिंगचा सगळ्यात भारी किस्सा चहाचा आहे. गंगाराम कांबळे या दलित माणसानं हॉटेल काढलं, पण चहा प्यायला कोणी येईना. शाहू महाराज गाडी थांबवायचे, तिथला चहा घ्यायचे आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. महाराजांनी नुसतं भाषण दिलं नाही. सगळ्यांसमोर, पुन्हा पुन्हा येणारं गिऱ्हाईक दिलं.

चपलेचं उदाहरण तर ताजंच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये 'प्राडा'नं मिलानमध्ये तशाच चपला रॅम्पवर आणल्या तेव्हा कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. ओरडा झाला, मग मान्य केलं. ओरडा करता आला, कारण चपलेला नाव होतं. सुपाला तसं नाव नाही. ऑनलाइन ते 'हँडमेड बास्केट' म्हणून दिसतं. विणणारा कोण, गाव कोणतं, काही नाही.

म्हणून नुसता रील काढून भागत नाही, भावा. फोटो टाकायचा तर विणणाऱ्याला विचारून त्याचं नाव लिहा, माप लिहा आणि भाव त्यालाच ठरवू द्या. शहरातलं गिऱ्हाईक एकदा घेऊन परत येत नाही, त्याचं एक मोठं कारण भुंगा. बांबूतल्या पिठूळ अंशाला कीड लागते, भुगा पडायला लागतो आणि माणूस म्हणतो, 'प्लास्टिकच बरं होतं.' बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू मुरवला तर हे बरंच टळतं. पण त्याला टाकी लागते, जागा लागते, चार दिवस थांबायची ऐपत लागते. रोज विकून रोज खाणाऱ्याकडं नेमकी तीच नसते. मदत करायची असेल तर ती इथं करा. आगाऊ पैसे द्या, ऑर्डर लवकर द्या.

आणि हो, पावसाळ्यात कामट्या लवकर वाळत नाहीत. यंदा गौरीसाठी सुपं हवी असतील तर वळवाच्या आधीच गल्लीत जाऊन सांगून या, इसारा देऊन. भाव विचारा, पण 'दहा रुपये कमी करा की' एवढं तेवढं राहू द्या.

भेटू पुढच्या भागात.