मुखचूर्ण, जपानी
चेहऱ्यावरील तेलकट चकाकी झाकण्यासाठी व वर्ण उजळ दिसावा म्हणून जपानमध्ये परंपरेने वापरण्यात येणारे पांढरे प्रसाधन. त्यास जपानी भाषेत ‘ओशिरोइ’ म्हणतात. दरबारातील स्त्रिया, काबुकी नट व गेशा यांच्या प्रसाधनात त्यास शतकानुशतके मध्यवर्ती स्थान होते. त्याच्या जोडीने चेहऱ्यावरील तेल टिपून घेणारा ‘आबुराटोरिगामी’ हा पातळ कागदही प्रचारात आला. या दोन साधनांचा इतिहास सौंदर्यप्रसाधनापुरता मर्यादित नाही. शिशाची विषबाधा आणि तिच्या निवारणास झालेला दीर्घ विलंब यांचाही तो इतिहास आहे.

चकाकीचे कारण : त्वचेतील स्नेहग्रंथींमधून त्वक्स्नेह नावाचा तैलयुक्त पदार्थ स्रवतो. ट्रायग्लिसराइडे, मेदाम्ले, मेणासारखी एस्टरे व स्क्वालीन हे त्याचे मुख्य घटक होत. कपाळ, नाक व हनुवटी या भागांत या ग्रंथी दाट असल्यामुळे तेथे तेलकटपणा प्रथम जाणवतो. स्रवणाचे नियंत्रण प्रामुख्याने पुं-हॉर्मोनांकडून होते. त्यामुळे पौगंडावस्थेपासून ते वाढते. त्वचेचे तापमान वाढले की स्रवणही वाढते आणि दिवसाच्या चक्रात दुपारच्या सुमारास ते अधिक असते. सकाळी स्वच्छ धुतलेला चेहरा कामाच्या मध्यावर चकाकू लागतो, तो यामुळेच. तेलाचा सलग थर गुळगुळीत असल्याने त्यावरून प्रकाशाचे आरशासारखे परावर्तन होते. चूर्ण पसरल्यास पृष्ठभाग खडबडीत होऊन प्रकाश विखुरला जातो व चूर्णाचे कण काही तेल शोषूनही घेतात. कागद टिपल्यास तेलाचा थरच निघून जातो. मात्र दोन्ही उपाय पृष्ठभागापुरते असून मूळ स्रवणावर त्यांचा परिणाम होत नाही.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : निहोन शोकी या इतिवृत्तानुसार इ. स. ६९२ मध्ये कांजो या बौद्ध भिक्षूने शिशापासून पांढरे मुखचूर्ण तयार करून सम्राज्ञी जितो हिला सादर केले आणि तिने त्याचा गौरव केला. पुढे दोन प्रकारची चूर्णे रूढ झाली. एक श्वेत शिशाचे, म्हणजे शिशाच्या क्षारकीय कार्बोनेटाचे. दुसरे पाऱ्यापासून बनविलेले मर्क्युरस क्लोराइडाचे. दुसरे चूर्ण ईसे प्रांतात तयार होई व ‘ईसे ओशिरोइ’ या नावाने विकले जाई. शिशाचे चूर्ण स्वस्त असून त्वचेवर चांगले पसरे, घट्ट चिकटे आणि पातळ थरातही दाट पांढरेपणा देई. त्यामुळे एडो काळात (१६०३–१८६८) त्याचा प्रसार सर्वसामान्य शहरी स्त्रियांपर्यंत झाला.

चेहरा धुण्यासाठी या काळात भाताच्या कोंड्याची कापडी पुरचुंडी वापरीत. ती ओली करून त्वचेवर फिरविली की मळ व तेल निघून जाई. उटणे, डाळीचे पीठ व मुलतानी माती यांचा भारतातील उपयोगही याच तत्त्वावर आधारलेला आहे.

तैलशोषक कागद : या कागदाचा उगम सोन्याचा वर्ख बनविण्याच्या व्यवसायात आहे. सोन्याचे पातळ तुकडे विशिष्ट कागदांच्या थप्पीत ठेवून दीर्घकाळ ठोकले जातात व अखेरीस वर्खाची जाडी मिलिमीटरच्या सु. दहा हजाराव्या भागाइतकी उरते. या कामासाठी गांपी या झुडपाच्या सालीपासून केलेला कागद वापरतात. ह्योगो प्रांतातील नाजिओ येथील मातीमिश्रित कागद त्यासाठी प्रसिद्ध आहे. वारंवार ठोकले गेल्याने कागदाचे तंतू दबून त्याचा पोत अतिशय मऊ व दाट होतो. तंतूंमधील सूक्ष्म फटी केशाकर्षणाने तेल ओढून घेतात. वर्खकामात निरुपयोगी ठरलेला हा कागद चेहऱ्यावर दाबला असता तेल टिपले जाते व त्यावरचे प्रसाधन फारसे विस्कटत नाही, या गुणामुळे नट व गेशा यांच्यात तो लोकप्रिय झाला. दीर्घ प्रयोगांत व मैफलींत रंग पुन्हा चढविण्यास उसंत नसे. अशा वेळी हा कागद विशेष उपयोगी पडे. जपानमधील बहुतेक सर्व वर्ख कानाझावा येथे तयार होतो. कागदाची ख्याती मात्र क्योटोशी अधिक निगडित आहे. तेथे १९०४ मध्ये सुरू झालेल्या योजिया या दुकानाच्या कागदास पुढे देशभर मागणी आली.

शिशाची विषबाधा : शिशाच्या चूर्णाचा धोका प्रथम रंगभूमीवर ठळकपणे दिसून आला. एप्रिल १८८७ मध्ये परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांच्या निवासस्थानी सम्राट मेजी यांच्यासमोर काबुकीचे प्रयोग झाले. कांजिंचो या नाटकात योशित्सुनेची भूमिका करणारा नट चौथा नाकामुरा फुकुसुके (पुढे पाचवा उताएमोन) याचा पाय रंगमंचावर अनावरपणे थरथरू लागला. दीर्घकाळ शिशाचे चूर्ण वापरल्याने जडलेली ही विषबाधा असल्याचे निदान झाले व या घटनेचा सर्वत्र बोभाटा झाला. निर्धोक चूर्ण तयार करण्याच्या प्रयत्नांना त्यातून चालना मिळाली. १९०४ मध्ये इतो कोचोएन या संस्थेने ‘मिसोनो ओशिरोइ’ हे शिसेविरहित चूर्ण बाजारात आणले.

शासनाने १९०० मध्ये अपायकारक रंगद्रव्यांवर निर्बंध घालणारा नियम केला. तथापि त्यातून शिशाचे मुखचूर्ण ‘तूर्त’ वगळण्यात आले. झिंक ऑक्साइडाची चूर्णे त्वचेवर तितकी चांगली चिकटत व पसरत नसत आणि वापरणाऱ्यांना जुन्या चूर्णाची सवय होती. त्यामुळे विषारी म्हणून ज्ञात असलेला पदार्थ पुढे तीन दशकांहून अधिक काळ खुलेपणाने विकला गेला.

या सवलतीची सर्वाधिक झळ तान्ह्या मुलांना बसली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जपानी वैद्यांना अर्भकांमध्ये मस्तिष्कावरणशोथासारखा दिसणारा एक आजार आढळत होता. पांडुरोग, वांत्या व आचके ही त्याची लक्षणे असत. त्याचे कारण मात्र उमगत नव्हते. क्योटो शाही विद्यापीठातील बालरोगतज्ञ हिराई इकुतारो यांनी १९२३ मध्ये हा आजार शिशाच्या विषबाधेचा असून त्याचे मूळ मातांच्या मुखचूर्णात असल्याचे दाखवून दिले. चेहरा, मान व छाती यांवर लावलेले चूर्ण अंगावर पिणाऱ्या मुलाच्या तोंडात जाई. अर्भकाचे आतडे प्रौढापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात शिसे शोषून घेते व त्याचा मेंदू वाढीच्या अवस्थेत असतो. त्यामुळे मातेला विशेष त्रास होत नसतानाही मूल दगावू शके किंवा त्याला कायमचे अपंगत्व येई. या संशोधनानंतरही नियमांत सुधारणा होण्यास १९३० साल उजाडले. त्यानुसार १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत शिसेयुक्त चूर्णाचे प्रथम उत्पादन व नंतर विक्री बंद करण्यात आली.

आधुनिक काळ : दरम्यान निखळ पांढऱ्या रंगाची आवडही ओसरू लागली होती. शिसेइदो या संस्थेने १९०६ मध्ये त्वचेच्या रंगाशी जुळणारी आणि १९१७ मध्ये सात रंगछटांची चूर्णे विक्रीस आणली. स्त्रिया कार्यालयांत व दुकानांत काम करू लागल्यावर चेहरा पांढरा करण्यापेक्षा दिवसभर चकाकी आवरणे हा चूर्णाचा प्रमुख उपयोग ठरला. सध्याच्या चूर्णांत संगजिरे, केओलीन, सिलिका, स्टार्च, झिंक ऑक्साइड इ. घटक असतात. यांपैकी संगजिऱ्याच्या खाणींत ॲस्बेस्टस आढळू शकत असल्याने त्याच्या शुद्धतेची तपासणी महत्त्वाची मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये संगजिऱ्याचा समावेश ‘संभाव्यतः कर्करोगकारक’ पदार्थांत केला.

ठोकलेल्या कागदात कोणतेही रंगद्रव्य त्वचेवर राहत नाही. त्यामुळे चूर्णाचे घटक वारंवार बदलावे लागले, तरी हे साधे साधन जवळजवळ मूळ स्वरूपात टिकून राहिले. शिशाच्या चूर्णाचा अपाय उघड झाल्यापासून त्यावर पूर्ण बंदी येईपर्यंत सु. अर्धे शतक लोटले. प्रसाधनाची निर्धोकता वापरणाऱ्याच्या अनुभवावरून ठरविता येत नाही, कारण त्याचा अपाय ते न वापरणाऱ्यालाही होऊ शकतो, ही जाणीव या इतिहासाने वैद्यक व कायदा या दोन्ही क्षेत्रांना करून दिली.