कारंजा लाड : दोन नद्यांमधलं, तलावाच्या काठचं जुनं शहर

वाशिम जिल्ह्याच्या ईशान्य भागात कारंजा हे तालुक्याचं गाव आहे. याच राज्यात वर्धा जिल्ह्यातही एक कारंजा आहे. गोंधळ होऊ नये म्हणून आपल्या कारंजाला ‘कारंजा लाड’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साठ हजारांच्या वर होती. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून कारंजा वाशिममध्ये आहे. नव्या पिढीला या शहराची एकत्र माहिती मिळावी, म्हणून आम्ही ती इथे देत आहोत.

पाणी कुठून येतं, कुठे जातं

कारंजा समजून घ्यायचं तर आधी पाणी समजून घ्यावं लागतं. हा सगळा भाग उंचावरचा, पठारी आहे. बेंबळा नदीचा उगम कारंजाच्याच परिसरातला. ती पूर्वेकडे यवतमाळ जिल्ह्यात जाते आणि पुढे वर्धा नदीला मिळते. दुसरी नदी अडाण. ती पैनगंगेला मिळते. शेवटी या दोन्ही नद्यांचं पाणी गोदावरीत जातं. वाशिम जिल्ह्यातलीच काटेपूर्णा मात्र उत्तरेला वळून पूर्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी तापी नदीत जातं. एकाच जिल्ह्याचं पाणी थोडं बंगालच्या उपसागरात आणि थोडं अरबी समुद्रात!

याचा अर्थ सरळ आहे. नदी जिथे सुरू होते, तिथे ती लहान असते. पाऊस पडला की पाणी उतारानं निघून जातं आणि उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं. म्हणून इथे वस्ती टिकवायची तर पाणी अडवून ठेवण्याशिवाय इलाज नव्हता. ऋषी तलाव हे त्याचं जुनं उत्तर, तर अडाण नदीवरचं सुमारे ३० मीटर उंचीचं मातीचं धरण हे आपल्या काळातलं.

ऋषी तलावाची आख्यायिकाही हेच सांगते. करंज ऋषींनी इथे आश्रम बांधला, पण पाणी नव्हतं, म्हणून तलाव खणला, असं लोक सांगतात. गावाचं नावही त्यांच्यावरूनच पडलं असं मानतात. आख्यायिका खरी-खोटी ठरवणं आमचं काम नाही. पण शहराची पहिली गोष्टच तहानेची आणि तलावाची आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

‘लाड’ आणि ‘बीबी’

‘लाड’ हे नाव इथे स्थायिक झालेल्या लाड समाजाच्या व्यापाऱ्यांवरून आलं असं मानलं जातं. लाड म्हणजे मूळचे लाट देशातले, आजच्या दक्षिण गुजरातकडचे लोक.

जुन्या काळात या गावाला ‘कारंजा बीबी’ असंही म्हणत. अहमदनगरच्या निजामशाही घराण्यातल्या मुलीला हे गाव लग्नात आंदण दिलं गेलं, म्हणून हे नाव पडलं, अशी परंपरा आहे. आज आपल्या मुलांना हे नाव बहुधा ठाऊक नसतं. एका गावाच्या नावात ऋषी, व्यापारी आणि बीबी असे तिघे यावेत, यातच त्याचा इतिहास आला.

वेशी, बाजार आणि श्रीमंती

जुनं शहर तटबंदीच्या आत होतं. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस आणि दारव्हा वेस ही नावं आजही पत्ता सांगताना वापरतात. ज्या दिशेला रस्ता जातो, त्या गावाचं नाव वेशीला. यावरून इथला व्यापार कुठवर पोचत होता ते कळतं.

श्रीमंती किती होती? १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेनं मोगलांच्या ताब्यातल्या कारंजावर स्वारी केली. तिथून मिळालेला माल चार हजार बैल आणि गाढवांवर लादून नेला, असं इतिहासकार जदुनाथ सरकार लिहितात. लोकांमध्ये ‘कस्तुरीच्या हवेली’चीही गोष्ट आहे. लेकुरसंघई नावाच्या सावकारानं उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेतली आणि हवेलीच्या चुन्यात कालवली म्हणे!

इंग्रजांच्या काळात इथला मुख्य माल होता कापूस. त्यासाठी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे झाली. १९०३ च्या सुमारास सुरू झालेली ही गाडी म्हणजे आपली ‘शकुंतला’, आणि कारंजा हे तिच्यावरचं स्टेशन. मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. आता ती गाडी बंद आहे. कारंजाजवळून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला.

सगळ्यांचं गाव

दत्त संप्रदायातले नृसिंह सरस्वती यांचा जन्म चौदाव्या शतकात इथला. गुरुमंदिरात दूरदूरहून भाविक येतात. जैन समाजाची इथली मंदिरं जुनी आहेत, आणि त्यांचे ग्रंथभांडार तर अभ्यासकांना परिचित आहेत. तिथल्या हस्तलिखितांवरून डॉ. हीरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३० च्या दशकात अपभ्रंश भाषेतले ग्रंथ संपादित केले. अपभ्रंश ही मराठी, हिंदी आणि उर्दू या तिघींच्याही आधीची पायरी. घरात उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी या गोष्टीचं अप्रूप बाळगायला हवं. जवळच मंगरूळपीर आहे. हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे त्या गावाच्या नावातच ‘पीर’ आला. तिथेही सगळ्या धर्मांचे लोक जातात.

शहराजवळ कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. ते २००० साली घोषित झालं आणि त्याचं क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर आहे. मुलांना घेऊन सकाळी लवकर गेलात तर काळवीट दिसण्याची शक्यता जास्त.

पुढच्या पिढीसाठी

तलाव एका दिवसात मरत नाही. आधी त्यात पाणी आणणारे नाले बुजतात, मग गाळ साचतो, मग काठावर कचरा येतो, आणि शेवटी लोक त्याला ‘रिकामी जागा’ म्हणू लागतात. महाराष्ट्रात अनेक गावांचे जुने तलाव असेच गेले. राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहे. तलावातला गाळ शेतात टाकला की जमीन सुधारते आणि तलावाची खोलीही वाढते. त्यासाठी गावानं मागणी करावी लागते.

कारंजात नळाला पाणी येतं म्हणून तलावाची गरज संपली, असं समजू नये. साठलेलं पाणी जमिनीत मुरतं, आसपासच्या विहिरींना आणि बोअरला आधार देतं. ही विहीर मंदिराची असो, मशिदीची असो की शेतातली, जमिनीखालचं पाणी एकच आहे. नाव ऋषीचं असलं तरी तलाव सगळ्या कारंजाचा आहे. शिक्षक आणि पालक म्हणून आमचं सांगणं एवढंच : मुलांना एकदा वेशी दाखवा, एकदा तलावाच्या काठी न्या आणि त्यात पाणी कोणत्या नाल्यानं येतं ते शोधायला लावा. ज्याला हे ठाऊक असेल, तोच उद्या तो नाला बुजवू देणार नाही.