तीन मैलांची मर्यादा

इंग्लंडांतील मुलांच्या फुकट प्रवासाचा इतिहास शोधूं गेल्यास त्याचें मूळ एका सबबींत सांपडतें. 1870 सालच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें मुलांस शाळेंत पाठविण्याची सक्ती करण्याचा अधिकार शाळामंडळांस दिला. परंतु शाळाच दूर असली तर आईबापांनीं काय करावें? तेव्हां ठराविक अंतराच्या आंत शाळा नसल्यास गैरहजेरी क्षम्य मानावी, मात्र तें अंतर तीन मैलांहून अधिक धरूं नये, असें ठरलें. तीन मैल म्हणजे जाऊन येऊन सहा, तेही इंग्लंडच्या हिवाळ्यांत! 1880 सालीं हजेरी सर्वत्र सक्तीची झाली, 1891 पासून बहुतेक प्राथमिक शाळांतील फीही गेली. पाय मात्र मुलांचेच राहिले.

1944 च्या शिक्षणकायद्यांतही हीच मोजपट्टी कायम राहिली. आठ वर्षांखालील मुलास दोन मैल व त्यापुढील मुलास तीन मैल हें चालण्याजोगें अंतर, आणि त्यापलीकडे राहणाऱ्यास शाळेपर्यंत फुकट पोंचविण्याचा भार स्थानिक अधिकाऱ्यांवर. उपकार मोठा खरा. पण ही सवारी घरापासून शाळेपर्यंतच होती. सरकार विद्यार्थ्याला वाहून नेत होतें, मुलाला नव्हे.

हा भेद लंडन शहरानें 2005 सालीं पुसला. केन लिव्हिंग्स्टन हे तेव्हां महापौर होते. सोळा वर्षांखालील मुलांना बसगाड्या व ट्राम मोफत झाल्या, आणि पुढील वर्षीं पूर्णवेळ शिकणाऱ्या सोळासतरा वर्षांच्या मुलांसही ही सवलत मिळाली. कोठें जातोस, हा प्रश्न यांत कोणीच विचारीत नाहीं. ग्रंथालय, नदीकांठ, आजीचें घर, मित्राकडील चेंडूचा खेळ, सर्व सारखेंच. बापाच्या खिशाकडे न पाहतां आपलें शहर स्वतः पाहण्याची मोकळीक कोणत्याही पाठ्यपुस्तकांत बसत नाहीं, हें आमच्यांतील शिस्तप्रिय पालकांसही मान्य व्हावें.

आक्षेप अर्थातच निघाले. बसच्या वरच्या मजल्यावर पोरांचा धिंगाणा चालतो, म्हाताऱ्यांस बसावयास जागा मिळत नाहीं, पोरें चालणें विसरतील! यांत मुळींच तथ्य नव्हतें असें म्हणवत नाहीं. गैरवर्तन करणाऱ्याचा पास काढून घेण्याची तरतूद उगीच झाली नाहीं. तथापि पुढें लंडनच्या आरोग्य-संशोधकांनीं या योजनेचा अभ्यास केला, तेव्हां मुलांनीं चालणें सोडल्याचा स्पष्ट पुरावा त्यांस मिळाला नाहीं. उलट बस ही त्यांची भेटण्याची जागा झाली होती. पास सर्वांनाच असल्यामुळें गरीब कोण हें त्यावरून ओळखूं येईना. माझ्या मतें योजनेचें खरें मोल येथेंच आहे. केवळ गरिबांस वेगळें काढून दिलेलें दान मुलाच्या कपाळीं गरिबीचा शिक्का मारतें.

2020 च्या साथींत लंडनच्या वाहतुकीचें उत्पन्न कोसळलें. मध्यवर्ती सरकारनें मदत देतांना अठरा वर्षांखालील मुलांची ही सवलत स्थगित करण्याची अट घातली. बराच वाद झाला. अखेर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांतील करारांत ती वांचली. स्कॉटलंडनें तर 31 जानेवारी 2022 पासून बावीस वर्षांखालील सर्व रहिवाशांस देशभर बसप्रवास मोफत केला, आणि राजधानीबाहेरील खेड्यांतला पोरगाही त्यांत आला.

आपल्याकडे एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजीं पुण्याहून अहमदनगरास निघाली. आज विद्यार्थ्यांना मासिक पास एकतृतीयांश भाड्यांत मिळतो, आणि अहिल्याबाई होळकरांच्या नांवाच्या योजनेंत ग्रामीण भागांतील मुलींना बारावीपर्यंत तो अगदीं फुकट आहे. या पासाची थट्टा कोणी करूं नये. गांवांतली शाळा सातवीला संपते, आणि पुढें मुलगी शिकणार कीं घरीं बसणार हें पुष्कळदां त्या कागदावर ठरतें. परंतु त्यावर दोनच नांवें असतात, राहत्या गांवाचें व शाळेच्या गांवाचें. त्याच मुलीला रविवारीं जिल्ह्याच्या ठिकाणचें ग्रंथालय पाहावयाचें असेल, तर 2023 पासून स्त्रियांस मिळणाऱ्या सवलतीचें अर्धें तिकीट तिला काढावें लागतें, आणि त्याचे पैसे वडिलांजवळ मागतांना कोठें व कशाला जातेस हेंही सांगावें लागतें.